जाऊबाईंच्या हाडातली पाचर

बीड जिल्ह्यात दुष्काळ न पडलेलं एखादं वर्ष शोधून सापडेल, पण आमच्या थोरल्या जाऊबाईंनी कुणाला नावं ठेवली नाहीत असा एक दिवस दाखवा, मी माझं बी. ए.चं सर्टिफिकेट चुलीत घालते. ते चुलीत घालावं ही सूचनाही मूळ त्यांचीच. मी अंबाजोगाईहून लग्न होऊन वडवणीच्या पलीकडच्या या गावात आले, त्याला आठवडाही झाला नव्हता. चूल पेटेना म्हणून मी फुंकणी घेऊन डोळे चोळत बसले होते. जाऊबाई मागून आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते कॉलेजचं कागद आणलंस ना संगं? घाल की त्यात. एकदा तरी कामाला यील." त्या दिवसापासून माझं नाव 'बीए' पडलं. माहेरचं नाव गेलं, सासरी ठेवलेलं नाव गेलं. दिरांची पोरंसुद्धा मला बीएकाकू म्हणायला लागली.

आमच्या गावात एक दूध संस्था होती आणि तिच्या सचिव जाऊबाई होत्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी संकलन केंद्राच्या टेबलामागे त्या बसायच्या, दुधाची डिग्री बघायच्या, फॅट काढायच्या आणि दुधापेक्षा दूध आणणाऱ्याचीच जास्त परीक्षा घ्यायच्या. मापात त्यांनी कधी कुणाचं थेंबभर बुडवलं नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करत. पण दूध नापास झालं तर ते गुपचूप परत देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला होता. एका बाईच्या किटलीत यंत्र बुडवून जाऊबाई रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गावात प्यायला पाणी न्हाई, अन् तुझ्या म्हशीला कुठून गावतंय गं येवढं?" ती बाई पंधरा दिवस केंद्राकडे फिरकली नाही. घरच्यांना तर दुप्पट मार. एकदा मी किटली विसळली आणि तळाला चुळकाभर पाणी राहून गेलं. भर रांगेत आमचंच दूध नापास झालं. "लई श्रीमंत हाव आमी," त्या रांगेला म्हणाल्या, "आमच्यात धाकटीला दुधात पाणी घालायला परवडतं." मी घरी येऊन रडले. सासूबाईंनी माझी समजूत काढली की पोरी, तिनं मलाही एकदा नापास केलं होतं.

त्यांचा उजवा पाय वाकडा होता. तरुणपणी, म्हणजे मी या घरात येण्याच्या कितीतरी आधी, कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाडीवरून त्या पडल्या. शेजारगावच्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून घोटा बसवला. हाड जुळलं, पण आतल्या बाजूला कलून जुळलं. "त्यानं पाय बसवला न्हाई, नुसता लावला," असं त्या म्हणायच्या. त्यांचा सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडायचा आणि उजवी चप्पल त्याच कडेनं झिजायची. याचा दोष त्यांनी वर्षानुवर्षं वडवणीच्या बाजारातल्या चांभारावर ढकलला. कातडं हलकं, शिवण कच्ची, खिळे ढिले. तो बिचारा दर वेळी बाहेरच्या कडेला एक जादा तुकडा ठोकून द्यायचा. एकदा मात्र तो कंटाळून बोलला, "बाई, चप्पल सरळ हाय. पाय वाकडा हाय तुमचा." जाऊबाईंनी पुढचं वर्षभर त्याच्याकडे पाऊल टाकलं नाही. चप्पल झिजवत राहिल्या, पण हरल्या नाहीत.

वर्षं गेली तसा घोटा दुखायला लागला. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं त्या भिंत धरून टाकायच्या, आणि आपण भिंतीला पोपडे आलेत का ते बघतोय असं दाखवायच्या. अंगणातून त्यांच्या चालण्याचा आवाज यायचा, एक टप् आणि मागून एक लांब सर्र. तो आवाज आला की आम्ही घरातली सगळी माणसं आपापल्या कामाला लागायचो. थोरले दीर तंबाखूची पुडी लपवायचे, मी वर्तमानपत्र उशीखाली सारायची. पुढं पुढं तो सर्र लांबत गेला. संध्याकाळी केंद्रावरून आल्या की त्या पाय घमेल्यातल्या गरम पाण्यात बुडवून बसायच्या, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला हात लावू द्यायच्या नाहीत. दुखतंय का असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "तुमाला बघून दुखतंय."

शेवटी दिरांनी बळंबळं त्यांना बीडला नेलं. सोबत मी, कारण डॉक्टर इंग्रजीत काही बोलला तर बीए उपयोगी पडावी. तिथल्या मोठ्या वयाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, सांधा झिजलाय म्हणाले, आणि नीट समजावून सांगितलं की घोट्याची हाडं एकमेकांना जोडून टाकू, म्हणजे सांधा हलणार नाही आणि दुखायचं थांबेल. जाऊबाईंनी एकच प्रश्न विचारला, "उकिडवं बसता यील?"

"नाही," डॉक्टर म्हणाले, "पण खुर्चीवर बसून सगळी कामं करता येतील."

"मी बसते की खुर्चीवर," जाऊबाई म्हणाल्या, "पण मंग माझी म्हैस टेबलावर हुबी करावी लागंल. तेवढं टेबल तुमी द्या."

डॉक्टर हसले, मी हसले, जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांच्या एका म्हशीची धार त्या स्वतःच काढायच्या. दुसऱ्या कुणाचा हात त्या म्हशीला चालत नसे, किंवा जाऊबाईंना चालत नसे. नक्की कुणाला ते आम्हाला कधी कळलं नाही. पण जगात त्यांनी नावं न ठेवलेला एकच जीव होता, तो म्हणजे ती म्हैस. घरी येईपर्यंत वाटेत त्यांनी डॉक्टर, एसटी, दीर आणि मी अशा सगळ्यांचा उद्धार केला. पण घरी आल्यावर गोठ्यात गेल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत.

पुढं कुणीतरी औरंगाबादच्या एका हाडांच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. तो इतका तरुण होता की जाऊबाईंनी आधी त्याला विचारलं, "डॉक्टर कधी येणार हायती?" त्यानं काही मनाला लावून घेतलं नाही. त्यानं त्यांना उभं करून, पायावर भार देऊन फोटो काढायला लावला. मग काचेवर फोटो लावून दाखवलं. पायाचं हाड कललेलं, त्यामुळे सांध्याच्या आतल्या बाजूची गादी घासून संपत आलेली. पण बाहेरच्या बाजूची गादी अजून चांगली होती. तो म्हणाला, "अर्धा सांधा चांगला आहे, तो वाचवता येईल. सांध्याला हात लावायचा नाही. त्याच्या जरा वर हाड कापायचं, आतल्या बाजूनं उघडायचं, तिथं हाडाचा तुकडा बसवून पाय सरळ करायचा आणि पट्टी अन् स्क्रू लावायचे. मग भार चांगल्या बाजूवर येईल."

मी वहीत लिहून घेत होते. जाऊबाई फोटोकडे डोळे बारीक करून बघत होत्या, जसं फॅटचं यंत्र बघतात. मग म्हणाल्या, "म्हंजी चौकट कलली अन् दार एका अंगानं घासतंय. तुमी दार काढून टाकत न्हाई. चौकटीला पाचर मारता."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाला.

"पाचर कशाची?"

"तुमच्याच कमरेच्या हाडातून थोडं घेऊ."

"घरचंच लाकूड. बरंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जन्मभर मी गावाला पाचर मारत आले. आता माझ्याच हाडात बसतीया."

डॉक्टरनं हेही सांगितलं की दुखणं पार नाहीसं होईल अशी खात्री तो देत नाही, काही वर्षांनी सांधा जोडायची वेळ येऊही शकते, आणि ऑपरेशननंतर दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला डॉक्टर? जाऊबाई बराच वेळ काहीतरी वाईट शोधत राहिल्या. "पोरगं खोटं बोलत न्हाई," शेवटी म्हणाल्या, "येवढंच." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी तोवर ऐकली नव्हती.

पण दोन महिने? म्हैस, केंद्र, शेत टाकून? त्यांनी विषय बंद केला. तो उघडला दुष्काळानं. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस आला तो पाहुण्यासारखा, दारातूनच परत गेला. विहिरीचा तळ दिसला, बोअरनं नुसती हवा फेकली, कडबा संपला आणि गावातली सगळी जनावरं दोन कोसांवरच्या चारा छावणीत गेली. केंद्रावर जिथं कॅनांची रांग लागायची तिथं एक कॅन भरायची मारामार झाली. एका संध्याकाळी जाऊबाई रिकाम्या टेबलामागून उठल्या, भिंत धरून घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "बीए, दूध न्हाई, पाणी न्हाई, रानात काम न्हाई. पाय कापून घ्यायला यापेक्षा चांगला मुहूर्त न्हाई. चल."

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं त्यांना बांगड्या काढायला सांगितल्या. काचेच्या बांगड्या निघेनात. नर्स साबण आणायला गेली तेवढ्यात जाऊबाईंनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. केंद्राच्या कपाटाची. "फॅटचं यंत्र पुसून ठेव," म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत, अगदी वेगळ्या आवाजात, "अन् मी आले न्हाई माघारी तर म्हशीला इकू नका. धार काढाय शीक तू." मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं तर लगेच, "रडू नको. रडून नाक लाल झालं की तू लई इदरी दिसतीस."

कमरेत इंजेक्शन दिलं होतं, म्हणून त्या आत जाग्या होत्या. नंतर डॉक्टर हसत हसत सांगत होता की हाडात तुकडा ठोकून बसवताना पडद्यापलीकडून आवाज आला, "हळू ठोक रं बाबा, शेजारीण झोपली आसंल." त्याच्या हाताखालचे सगळे हसले आणि त्याला क्षणभर हात थांबवावा लागला.

घरी आणल्यावर ओसरीत खाट टाकली, खाटेवर जाऊबाई आणि उशीवर उचलून ठेवलेला प्लास्टरमधला पाय. दोन महिने घरातल्या कुणाला श्वास सोडायला जागा राहिली नाही. पूर्वी त्या केंद्रावर जायच्या तेवढा वेळ तरी आम्ही सुटायचो. आता सरकार चोवीस तास घरातच बसलेलं. भाकरीचा आवाज ऐकून त्या ती कच्ची आहे ते सांगायच्या. समाचाराला येणाऱ्या माणसाला आधी तो उशिरा का आला ते ऐकावं लागे, आणि मग लवकर का उठत नाही ते. केंद्र मी सांभाळत होते. मी लिहिलेले आकडे रोज खाटेवर तपासले जात आणि नापास होत. पण एक गोष्ट झाली. टँकर आला की गावातल्या बाया, ज्यांची दुधं त्यांनी भर रांगेत परत केली होती त्याच बाया, एकेक घागर आमच्या दारात ठेवून जायला लागल्या. सांगितलं कुणीच नव्हतं. पंधरा दिवस किटली घेऊन न फिरकलेली ती बाई सगळ्यांत आधी आली. ती गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "ह्या बायांना पाणी आणायची सवयच हाय. आदी किटलीतून आणत व्हत्या, आता घागरीतून आणत्यात." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवायला हाक मारली तरी वळल्या नाहीत.

खरा प्रसंग छावणीत गुदरला. म्हैस मला दूध देईना. मी पेंड ठेवली, चुचकारलं, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून जाऊबाईंचं लुगडं नेसून खाली बसले. म्हशीनं ते लुगडं हुंगलं आणि त्यातल्या बाईला लाथ घातली. चौथ्या दिवशी तिची कास दगडासारखी झाली. घरी येऊन मी ते सांगितलं आणि लगेच कळलं की सांगायला नको होतं. जाऊबाई खाटेवर उठून बसल्या आणि प्लास्टरचा पाय खाली सोडायला लागल्या.

मी आडवी आले. "पाय टेकवायचा नाही बाई! हाड हलेल. सगळं वाया जाईल."

"जाऊ दे वाया. ती मरंल तिथं."

"तुम्ही टेकवलात तर मी आत्ता डॉक्टरला फोन लावते."

"लाव! त्यो यील का धार काढाय?" त्या ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मला दिसलं याचा त्यांना फार राग आला होता.

तेव्हा थोरल्या दिरांनी, ज्यांनी आयुष्यात बायकोसमोर सहसा तोंड उघडलं नव्हतं, तोंड उघडलं. "खाटेवरनं उतरू नको म्हनलंय ना? नगं उतरू. खाटंसगट चल."

चौघांनी खाट उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवली. खाटेवर जाऊबाई, पायाखाली वैरणीचं पोतं, डोक्यावर पदर. गावातून ती मिरवणूक निघाली तेव्हा लोक दारात आले. एका म्हाताऱ्यानं हात जोडले, त्याला जाऊबाई म्हणाल्या, "हात कशाला जोडतो रं? मेले न्हाई अजून." छावणीत दिरांनी म्हैस ट्रॉलीला खेटून उभी केली. मी खाली उकिडवी बसले. जाऊबाई खाटेवरून वाकल्या, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि बोलायला लागल्या. तो आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. "आले गं माय. मीच हाय. पाय मोडलाय माजा, दुसरं काय न्हाई. सोड गं. येडी हाय ती खालची, पर वाईट न्हाई. सोड माय." म्हैस मान वळवून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या हातातले सड सैल झाले आणि पातेल्यात पहिली धार वाजली. वरून जुना आवाज परत आला, "चिमटीनं न्हाई, मुठीनं धर! बीएत हेच शिकवलं का?"

चार दिवस ट्रॉली गेली. पाचव्या दिवशी म्हशीनं मला एकटीलाच दूध दिलं. घरी येऊन मी पातेलं दाखवलं. जाऊबाईंनी फेस बाजूला करून बघितलं. "अर्धं कासंतच ठिवून आलीस," म्हणाल्या.

दोन महिन्यांनी फोटोत पाचरीभोवती हाड भरून आलेलं दिसलं. मग वॉकर, मग काठी, मग काठीशिवाय. पहिल्यांदा त्या दोन्ही पायांवर सरळ उभ्या राहिल्या तेव्हा मी चमकले. त्या माझ्यापेक्षा उंच होत्या. इतकी वर्षं मी समजत होते की मी उंच आहे. पावसाळ्यात जनावरं घरी आली, केंद्रावर कॅन वाढले, आणि दसऱ्याच्या आसपास एका सकाळी जाऊबाई म्हशीखाली उकिडव्या बसल्या. हळूहळू, खुंट्याला धरून, पण बसल्या. थंडीत घोटा अजून ठणकायचा, चढावर त्या थांबायच्या. डॉक्टरनं सांगितलं होतं तेवढंच झालं, जास्त नाही. तोटा फक्त आम्हा बाकीच्यांचा झाला. तो सर्र आवाज बंद झाला. आता त्या कधी मागं येऊन उभ्या राहतील याचा पत्ता लागेना. दीर पहिल्याच आठवड्यात तंबाखूसकट सापडले, मी वर्तमानपत्रासकट.

पुढं पोरं मोठी झाली, वाटण्या झाल्या. आता आमच्या चुली वेगळ्या आहेत, मधे ओढा आहे, आणि त्यांचं बोलणं दुसऱ्या कुणाला तरी ऐकावं लागतं. सकाळी माझी भाकरी कच्ची आहे हे सांगायला कुणी नसतं, आणि ती खरंच कच्ची निघते.

त्या सगळ्या दिवसांतला मला सारखा आठवतो तो औरंगाबादहून शेवटच्या तपासणीनंतरचा परतीचा प्रवास. डॉक्टर खूश होता. त्यानं विचारलं होतं, "घरी कुणी सांभाळलं तुम्हाला?" आणि जाऊबाई म्हणाल्या होत्या, "कोण सांभाळतंय? मीच सगळ्यांस्नी सांभाळलं, खाटंवरनं." मला राग आला होता. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. पाचोड गेलं तरी मी खिडकी सोडली नव्हती. धार काढून काढून माझं उजवं मनगट त्या दिवसांत सुजलं होतं. मी ते डाव्या हातानं दाबत होते. कुणाला सांगितलं नव्हतं.

"आण हिकडं," जाऊबाई म्हणाल्या. माझा हात ओढून त्यांनी मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं मनगट रगडायला लागल्या. नेमकं जिथं दुखत होतं तिथंच. "कवापासून दुखतंय?"

"छावणीपासून."

"बोलली न्हाईस ती?"

"तुम्ही नावं ठेवली असती."

"ठिवलीच असती." रगडणं चालूच होतं. मी काहीतरी बोलणार असं बघून त्या म्हणाल्या, "गप बस. लोकांना वाटंल जावाजावांचं पटतंय."

पुढच्या सीटवरची एक बाई केव्हाची मागं वळून आमच्याकडे बघत होती. मांडीवर पिशवी, चकलांब्याला निघालेली. ती हसून म्हणाली, "सख्ख्या बहिणी दिसता."

मी जाऊबाईंकडे बघितलं. जन्मात कुणाची चूक त्यांनी सोडली नव्हती. या बाईचं आता काय होतंय म्हणून मी वाट बघत राहिले. जाऊबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली मान घालून माझं मनगट दाबत राहिल्या.

गेवराईला ती बाई उतरून गेली. तिला अजूनही तसंच वाटत असेल.